ऑर्क पुरे झाले

जानेवारी उजाडला की माझ्या ऑफिसच्या मेलमध्ये राक्षस यायला लागतात. हिरवट कातडी, खालच्या जबड्यातून वर आलेले दोन सुळे, खांद्यावर हाडांचं चिलखत, एका कानात कडी. याला ऑर्क म्हणतात. टॉल्किनच्या पुस्तकांतून तो लोकांना माहीत झाला, 'वॉरहॅमर' आणि 'वॉरक्राफ्ट'सारख्या खेळांनी त्याला हिरवा रंग दिला, आणि आता तो पुण्यातल्या एका गेम स्टुडिओत इंटर्नशिप मागायला येतो. पाठवणारा कधी अकोल्याचा असतो, कधी नांदेडचा, कधी माझ्याच बुलढाणा जिल्ह्यातला. ऑर्क मात्र तोच. मी इतके पाहिलेत की नुसत्या कडीवरून सांगतो, हा कुठल्या ट्युटोरियलचा आहे.

मी कॅरेक्टर आर्टिस्ट आहे. गेममध्ये जी माणसं, जनावरं, भुतं चालतात-बोलतात, त्यांची शरीरं, कपडे, कातडी कॉम्प्युटरवर घडवायची, हे माझं काम. गेली चार वर्षं इंटर्नचे पोर्टफोलिओ चाळायचं कामही माझ्याकडे आहे. एका पोर्टफोलिओला मी किती वेळ देतो हे सांगितलं तर तुम्हाला राग येईल. एक मिनिटसुद्धा नाही. यात फुशारकी नाही, लाज आहे. पण सगळीकडे असंच चालतं, आणि ते लपवून सल्ले देणाऱ्यांचा मला जास्त राग येतो.

यंदा मेहकर तालुक्यातल्या एका मुलाचा अर्ज आला. चौदा कामं. सहा राक्षसांची मुंडकी. एक व्हायकिंग. एक टकला, दाढीवाला, अंगावर लाल पट्टा रंगवलेला योद्धा, म्हणजे 'गॉड ऑफ वॉर'मधला क्रेटॉसच, फक्त नाव बदललेलं. एक तलवारवाली मुलगी, तिचं चिलखत असं की युद्धात आधी न्युमोनिया होईल. एक सिक्स पॅकवाला महादेव. दोन बंदुका. एक खजिन्याची पेटी. आणि चौदावं काम म्हणजे अमेरिकेतल्या फुटपाथवर असतो तसला आग विझवायच्या पाण्याचा लाल नळ. मेहकरच्या पोराने असा नळ जन्मात पाहिला नसेल. त्याच्या शाळेबाहेर हापशी असणार. शेकडो हातांनी दांडा घासून गुळगुळीत झालेला, खाली शेवाळ, बाजूला चिखलात म्हशीच्या खुरांचे ठसे. हापशी त्याने केली नाही, कारण ट्युटोरियलमध्ये ती नव्हती.

मी नेहमीचं नकाराचं पत्र पाठवलं. 'आपल्या कामात क्षमता आहे, पुढील वाटचालीस शुभेच्छा.' हे वाक्य मला स्वतःला अकरा वेळा आलेलं आहे.

तिसऱ्या दिवशी फोन. माझ्या मामेभावाकडून नंबर मिळवला होता. आमच्याकडे कुणाचाही नंबर कुणाच्या तरी मामेभावाकडे असतोच. "दादा, मी मेहकरहून बोलतो. तुम्ही खामगावचे ना?" मला वाटलं आता रडगाणं ऐकावं लागणार. तसं काही नव्हतं. त्याचा एकच प्रश्न होता. "दादा, अजून काय टाकू?"

या लेखातलं माझं भांडण त्या प्रश्नाशी आहे.

अजून काय टाकू. चौदा झाले, वीस करू? ड्रॅगन टाकू? हा प्रश्न त्या मुलाचा नाही, त्याला शिकवलेला आहे. मलाही शिकवला होता. बारावीनंतर मी एका मोठ्या शहरात 'गेम आर्ट'चा कोर्स केला. संस्थेचं नाव सांगत नाही, सांगून उपयोगही नाही, कारण तुम्ही दुसऱ्या संस्थेत गेला असाल आणि तिथेही हेच झालं असेल. फी १,८०,००० रुपये. वडिलांनी त्या वर्षीची तूर आणि त्यावर थोडं कर्ज असं घातलं. पहिल्या दिवशी सरांनी प्रोजेक्टरवर एक ऑर्क लावला आणि म्हणाले, वर्ष संपेपर्यंत प्रत्येकाने हा करायचा. आम्ही अठरा जण होतो. वर्षाच्या शेवटी अठरा ऑर्क झाले. त्या अठराच्या अठरा पोरांनी ते एकाच आठवड्यात त्याच पाच-सहा स्टुडिओंना पाठवले.

तिकडे बसलेल्या माणसाला काय वाटलं असेल, हे मला आज कळतं, कारण तो माणूस आता मी आहे.

संस्थांना हे परवडतं. एक ट्युटोरियल एकदा तयार केलं की दहा वर्षं चालतं. ऑर्क करायला सोपा आणि दिसायला अवघड, त्यामुळे पालकांना दाखवायला बरा. त्याच्या चेहऱ्यात चूक झाली तरी कळत नाही. खरा ऑर्क कुणी पाहिलाय? नाकपुडी तिरकी झाली, 'ऑर्कची असेल तशी'. कान फार मागे गेला, 'फँटसी आहे'. शिकवणाऱ्याला शरीरशास्त्र येत नसलं तरी निभावतं. पण तुमच्या शेजारच्या काकूंचा चेहरा केलात तर गल्लीतलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल की चुकलं. संस्थांना नेमकं तेच नको असतं. आणि पोर्टफोलिओत नेमकं तेच हवं असतं.

स्टुडिओ काय शोधतो, ते सरळ सांगतो. इंटर्नकडून आम्हाला नवं विश्व नको असतं. त्याच्या हातात काम दिलं तर ते पुढच्या माणसाला वापरता येईल का, एवढं बघायचं असतं. गेमचं पात्र म्हणजे नुसतं सुंदर चित्र नाही, त्याला वाकायचं, पळायचं, तोंड उघडायचं असतं. आधी लाखो बहुकोनांचं शिल्प कोरतात, मग त्याच्यावर हलकी, मोजक्या बहुकोनांची जाळी नव्याने विणतात. त्या जाळीच्या रेघा ओठांभोवती आणि डोळ्यांभोवती गोल फिरल्या पाहिजेत, कोपराला आणि गुडघ्याला पुरेशा असल्या पाहिजेत, नाहीतर पात्राने हात वाकवला की कोपर नळीसारखं चेपतं. याला टॉपॉलॉजी म्हणतात. मग जाळी उलगडून सपाट करायची, जसा शिंपी शर्ट उसवून कापड पसरतो. त्याच्यावर कोरीव शिल्पातले बारकावे उतरवायचे आणि रंग, खरखरीतपणा, चमक यांचे नकाशे चढवायचे. मेहकरच्या मुलाच्या चौदा कामांत जाळी एकाचीही दाखवलेली नव्हती. सहा मुंडक्यांना धड नव्हतं. ज्यांना धड होतं त्यांचे हात पाठीमागे, नाहीतर मुठी वळलेल्या. बोटं टाळायची ही जुनी युक्ती आहे, मीही केली आहे.

म्हणून मी त्याला म्हणालो, "टाकू नको. काढ."

"काय काढू?"

"बारा काढ."

पलीकडे शांतता. मी ती ओळखतो. प्रत्येक कामामागे त्याच्या दोन-दोन महिन्यांच्या रात्री होत्या. गावात वीज असते तेव्हा काम, जाते तेव्हा झोप. पण अर्ज पाहणारा माणूस सरासरी काढत नाही. त्याच्या डोक्यात सगळ्यात वाईट काम राहतं, कारण नोकरीवर घेतल्यावर तेच वाट्याला येईल अशी त्याला भीती असते. दोन चांगली आणि बारा कच्ची कामं दाखवली, तर दोन चांगल्यांबद्दलही शंका येते की हे नशिबाने जमलं किंवा कुणीतरी करून दिलं.

मग त्याने न विचारता व्हॉट्सॲपवर काही फोटो पाठवले. शंभर पानी वही, निळं बॉलपेन. "हे असंच आहे दादा, टाइमपास." पहिल्या पानावर कापूस वेचणारी बाई. कमरेला जुन्या लुगड्याची ओटी, तिच्यात वेचलेला कापूस, त्याने पोट पुढे आल्यासारखं दिसतंय आणि तो भार सांभाळायला पाठ मागे कललेली. अंगात साडीवरून घातलेला नवऱ्याचा फुल बाह्यांचा शर्ट, कॉलर उभी केलेली. डोक्याला रुमाल, असा बांधलेला की कपाळ आणि कान दोन्ही झाकलेले. दुसऱ्या पानावर फक्त हात, बोंडाच्या टोकदार पाकळ्यांनी नखांपाशी चिरलेले. तिसऱ्यावर तीच बाई बसलेली, पाय लांब सोडून, टाचा आपल्याकडे.

मी विचारलं, हे पोर्टफोलिओत का नाही?

"ते काऊन टाकू दादा? ते तं माह्या मावशीचं हाये."

हे वाक्य ऐकून मी ऑफिसच्या जिन्यात खाली बसलो. त्याच्यात लाज नव्हती, निव्वळ आश्चर्य होतं. मावशी आणि गेम या दोन गोष्टींचा काही संबंध असू शकतो, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. कॅरेक्टर आर्टमधली मुलं ज्याच्यावर वर्षं घालवतात ते सगळं या बॉलपेनच्या तीन पानांत होतं. भार कुठे पडतो, कपडा कुठे ताणला जातो आणि कुठे लोंबतो, लांबून नुसती काळी आकृती दिसली तरी माणूस कसा ओळखू येतो. बहुरूप्याला हे माहीत असतं, वेशीवरून येतानाच कळलं पाहिजे की पोलीस आला की साधू. गेममध्येही पात्र आधी तसंच ओळखावं लागतं, चेहरा मागाहून दिसतो.

आता कुणी म्हणेल, हा आला संस्कृतीवाला. आपली माती, आपली माणसं. थांबा. मला तेही म्हणायचं नाही.

भारतातल्या बऱ्याच स्टुडिओंचं पोट परदेशी गेमच्या कामावर चालतं, आमचंही चालतं. बेंगळुरूच्या ध्रुव इंटरॅक्टिव्हने १९९७ पासून ही वाट पाडली आणि २०१९ मध्ये रॉकस्टारने ती कंपनी विकत घेतली. या कामात तुम्हाला मावशी करायला कुणी देणार नाही. व्हायकिंगच करावा लागेल, त्याच्या बुटाची नाडी तिकडचा आर्ट डायरेक्टर चार वेळा परत पाठवेल. त्यामुळे ऑर्क करणं हा गुन्हा नाही. यंदाची आमची जागा मिळाली ती एका ऑर्कवाल्या मुलीलाच. पण तिचा ऑर्क म्हातारा होता. सुळे झिजून बोथट, बाकीचे दात पडलेले, त्यामुळे जबडा आत गेलेला, हनुवटी नाकाकडे वर आलेली, ओठ तोंडात वळलेले. मी मुलाखतीत विचारलं, हे कुठून सुचलं? ती म्हणाली, आजोबा रात्री कवळी काढून ठेवतात. जाळी तिने पहिल्याच पानावर दाखवली होती, स्वच्छ. तीनच कामं होती.

विषय कुठलाही असो, तुम्ही स्वतः काही पाहिलंय का, एवढाच प्रश्न असतो.

म्हणून त्या सिक्स पॅकवाल्या महादेवाचाही मला कंटाळा आलाय. ऑर्कला कंटाळलेली मुलं तिकडे वळतात आणि त्यांना वाटतं आपण देशी झालो. क्रेटॉसला व्याघ्रचर्म नेसवलं, हातातली कुऱ्हाड काढून त्रिशूळ दिला, एवढंच झालेलं असतं. तीच छाती, तेच दंड, तीच रागीट भुवई. आपल्या जुन्या मूर्तिकारांनी देवांना अशा गाठी-गाठीचे स्नायू दिले नाहीत. श्वास भरलेलं, गुळगुळीत शरीर दिलं आणि ताकद उभं राहण्याच्या पद्धतीतून दाखवली. मेहकरमध्ये शारंगधर बालाजीची मूर्ती आहे, काळ्या पाषाणाची, माणसापेक्षा किती तरी उंच. त्या मुलाच्या घरापासून दुचाकीवर अर्धा तास. तिच्यासमोर वही घेऊन तो कधी बसला नव्हता. महादेव त्याने पिंटरेस्टवरून घेतला होता.

पुण्याचीच दोन उदाहरणं सांगतो, दोन्ही २०२० सालची. त्या सप्टेंबरात 'प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम'च्या नव्या आवृत्तीचा ट्रेलर आला. काम युबिसॉफ्टच्या पुणे आणि मुंबई स्टुडिओंचं. आम्ही मित्र मोबाइलवर डोळे लावून बसलो होतो, कारण एवढं मोठं नाव इथून पहिल्यांदा बाहेर पडत होतं. मग जगभरातून त्याच्या दिसण्यावर, चेहऱ्यांवर टीका झाली. गेम पुढे ढकलला गेला आणि मे २०२२ मध्ये काम मॉन्ट्रियलकडे सोपवल्याचं जाहीर झालं. आत काय घडलं हे ठरवायचा मला अधिकार नाही, आणि त्या टीममध्ये माझ्याहून किती तरी सरस लोक होते. पण तेव्हा परदेशी प्रेक्षकांपेक्षा आपलेच लोक जास्त हसत होते, ते मी विसरलेलो नाही.

त्याच्या महिनाभर आधी पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या टीमचा 'राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक' आला होता. २०१७ मधली त्यांची लोकवर्गणीची मोहीम फसली होती. तरी गेम झाला आणि त्या वर्षीच्या 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणाच्या गटात त्याला नामांकन मिळालं. राजी ही डोंबाऱ्यासारखे खेळ करणारी पोर, राक्षसांनी पळवलेल्या भावाला शोधत निघालेली. पात्रं काही अफाट बारकाव्यांची नाहीत. खिशात तेवढे पैसेच नव्हते. पण पहाडी चित्रं, राजस्थानातले वाडे, सावल्यांच्या बाहुल्या यांच्याकडे कुणीतरी तासन् तास पाहिलंय, हे पहिल्या दहा मिनिटांत कळतं. मला तो गेम खेळायला थोडा अडखळता वाटला, तेही सांगून टाकतो. पण त्याची चित्रं डोळ्यांसमोरून जात नाहीत.

आणि हे पाहणं आपल्याकडे नवीन नाही. कोल्हापूरचे महादेव विश्वनाथ धुरंधर, जन्म १८६७, मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकले आणि तिथेच शिकवायला लागले. त्यांनी मुंबईच्या रस्त्यावरची माणसं काढली, पोस्टकार्डांवर आणि पुस्तकांत. १९२० साली आलेल्या 'विमेन ऑफ इंडिया' या इंग्रजी पुस्तकातली चित्रं त्यांची आहेत. एकेक बाई, तिचं नेसणं, दागिना, उभं राहणं, डोक्यावरचं ओझं. ते पुस्तक साहेबाने साहेबाच्या नजरेने लिहिलंय, त्यात बायकांचे 'नमुने' मांडलेत, ते वाचताना आज चीड येते. पण धुरंधरांचा हात बघा. शिक्षण युरोपियन पद्धतीचं, आणि पदर कुठून येऊन कुठे खोचलाय हे मात्र एकदाही चुकलेलं नाही. आजच्या भाषेत ती कॅरेक्टर शीट्सच आहेत. माझ्या कोर्समध्ये त्यांचं नाव एकदाही निघालं नाही.

तर बुलढाण्यातल्या मुलाने काय पाहायचं?

खामगावची चांदी घ्या, माझ्या गावची. लोक तिला रजतनगरी म्हणतात आणि मी बारा वर्षं त्या बाजारातून शाळेत गेलो. तरी माझ्या पहिल्या पात्राचं चिलखत एकसारखं चकचकीत होतं, स्टीलच्या नव्या ताटासारखं. तीस वर्षं पायात असलेला तोडा तसा नसतो. कडा घासून उजळ, नक्षीच्या खाचांत काळं बसलेलं, घोट्याला लागतो त्या बाजूला निराळी, घामट झळाळी. गेममध्ये धातू 'जुना' दाखवायचा तो याच फरकाने, खरखरीतपणाच्या नकाशात. ट्युटोरियलवाला एक बटण दाबून सगळ्या कडांवर सारखे ओरखडे आणतो. माझ्या आजीच्या तोड्यावर ओरखडे एकाच बाजूला होते, कारण ती उजव्या पायावर भार देऊन बसायची.

कातडी घ्या. आमच्याकडे येणाऱ्या दहा पोर्टफोलिओंत एखादंच पात्र सावळं असतं, आणि ते गोऱ्या पात्राचा रंग गडद करून केलेलं असतं. मग ते मातीचं वाटतं. सावळ्या कातडीत रंगाचे फरक कमी दिसतात, त्यामुळे चेहऱ्याचा आकार चमकेतून वाचावा लागतो. कपाळ, नाकाचा शेंडा, गालाचं हाड. तळहात-तळपाय उजळ, बोटांचे सांधे आणि कोपर काळपट. उन्हात राबणाऱ्याच्या मानेचा रंग सदऱ्याच्या आतल्या रंगाशी जुळत नाही. हे सगळं तुमच्या घरात आहे, आरशात आहे. शेगावची पालखी पंढरपूरहून परत येते तेव्हा खामगाव ते शेगाव रस्त्यावर माणूस मावत नाही. त्या दिवशी एक तास नुसते पाय बघा. एवढे निरनिराळे पाय, टाचांच्या भेगा, चिखल वाळून पडलेले थर कुठल्याही पैसे भरून मिळणाऱ्या फोटोसंचात नाहीत.

आणि राक्षसच करायचा असेल तर आपला आहे की. लोणारचा. लवणासुर विवरात राहून लोकांना छळायचा, विष्णूने दैत्यसूदन होऊन त्याला मारलं, अशी कथा. गावात दैत्यसूदनाचं देऊळ आहे. शास्त्र सांगतं की उल्का आदळली, बेसाल्टच्या खडकात जवळपास पावणेदोन-दोन किलोमीटर रुंदीचं विवर झालं, पाणी खारं आणि अल्कधर्मी. जून २०२० मध्ये त्या पाण्याचा रंग गुलाबी झाला, कारण खाऱ्या पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव. अख्ख्या जगाने फोटो पाहिले. पण मेलमध्ये लवणासुर मला आजवर एकच आला, आणि त्याला शिंगं, सुळे आणि सिक्स पॅक होते. धोतर नेसलेला ऑर्क. ज्याचं नावच मिठावरून आहे, त्याच्या अंगावर मिठाचा एक कण नव्हता. उन्हाळ्यात पाणी मागे हटतं तेव्हा काठावर पांढरी खरपड राहते, ती त्याच्या कोपरांवर, पापण्यांवर का नाही? ते करणारा मुलगा कदाचित लोणारला शाळेच्या सहलीत गेला असेल, आणि सेल्फी काढून आला असेल. मीही तसाच आलो होतो.

एआयबद्दल विचारतील म्हणून दोन शब्द. डिसेंबर २०२२ मध्ये आर्टस्टेशनवर, जिथे आमचे सगळ्यांचे पोर्टफोलिओ असतात, कलाकारांनी एआयविरोधी एकच चित्र पानभर लावून निषेध केला होता. तेव्हापासून प्रकरण पुढे गेलंय. आता बटणावर ऑर्क मिळतो, तुमच्यापेक्षा बरा. म्हणजे ऑर्कची उरलीसुरली किंमतही गेली. जाळी दाखवा, अर्धवट टप्पे दाखवा, वहीची पानं दाखवा, ट्युटोरियलवरून केलं असेल तर तसं लिहा. ते लपवणाऱ्याला आम्ही पहिल्या प्रश्नात पकडतो.

या सगळ्यात एक गोष्ट मी मुद्दाम मागे ठेवली होती, कारण ती आमच्यावर शेकते. समजा मुलाने सगळं केलं. बारा कामं काढली, मावशी घडवली, निवड झाली. पुढे काय? माझी पहिली इंटर्नशिप तीन महिन्यांची होती, महिना ८,००० रुपये. कॉट बेसिसवर राहून, डबा लावून तेवढ्यात भागत नव्हतं. वडिलांनी पुन्हा पैसे पाठवले. माझ्याबरोबर निवड झालेला एक मुलगा दुसऱ्याच महिन्यात गावी परत गेला, त्याच्या घरून पैसे येण्यासारखे नव्हते. तो माझ्यापेक्षा चांगला होता. तेव्हा 'टॅलेंटची कमी आहे' असं आमच्या क्षेत्रातली माणसं परिषदांमधून म्हणतात, तेव्हा मला त्याची आठवण येते. चांगला ग्राफिक्स कार्डवाला लॅपटॉप परवडणं ही पहिली चाळणी, संस्थेची फी दुसरी, शहरातलं भाडं तिसरी. या तिन्हींतून गळून खाली जे उरतं, त्याच्यातून आम्ही एका मिनिटात निवड करतो आणि तिला गुणवत्ता म्हणतो. यंदा मी स्टायपेंड वाढवायचा अर्ज वर दिलाय. उत्तर आलेलं नाही.

लॅपटॉपच्या बाबतीत एवढंच सांगेन की ब्लेंडर फुकट आहे आणि शिकायला पुरेसं आहे. झेडब्रश नसल्याने कुणाची निवड अडलेली मी पाहिली नाही. बॉलपेनची वही नसल्याने अडलेली रोज पाहतो.

मेहकरच्या मुलाला मी यंदा घेऊ शकलो नाही, जागा भरली होती. त्याला सांगितलं की पूर्ण मावशी आत्ता करू नको, फक्त उजवा हात कर, कोपरापर्यंत. बोटं उघडी ठेव. वीस दिवसांनी फाइल आली. मनगटापाशी जाळीचा गुंता, अंगठा वळवला की तळहात फाटतो. नखांजवळच्या चिरा मात्र अशा की मी क्षणभर माझीच बोटं पाहिली. मी गुंत्यांवर लाल रेघा ओढून परत पाठवलं आणि विचारलं, मावशीला दाखवलंस का?

"दाखवलं. म्हणे, हात माह्याच हाये, पण बांगड्या कुठी गेल्या? वेचणीले जाताना मी बांगड्या काढत असते काय?"

आता तो बांगड्या करतोय. हिरव्या, काचेच्या, त्यातली एक तडकलेली. काच अजून त्याला जमत नाही, प्लास्टिकसारखी दिसते.